दारातला उजेड

आमच्या घरी कापड रात्री घेत नसत. सोनं दिवेलागणीनंतर घेतलं तरी चालायचं, कारण त्याचा भाव ठरलेला आणि वजन काट्यावर दिसणारं. कापडाचं तसं नव्हतं. कोल्हापुरात महाद्वार रोडला साडी घ्यायला जायचं म्हणजे सकाळचा स्वयंपाक आटपून, अकराच्या सुमाराला. दुकानातला पोऱ्या पांढऱ्या गादीवर एकावर एक साड्या उलगडायचा. आई त्यातली एक उचलायची आणि थेट दाराकडे चालू लागायची.

"वहिनी, हितंच बघा की, चांगली ट्यूब हाय," असं मालक गल्ल्यावरून म्हणायचे. "ट्यूब डोक्याला बांधून फिरणार आहे का मी?" आईचं उत्तर. पायरीवर उभी राहून ती पदर खांद्यावर टाकायची, त्याच्याखाली तळहात घालून पोत बघायची, मग काठ उलटा करून मागचे धागे बघायची. सगळ्यात शेवटी साडी हनुवटीशी धरून मला विचारायची, "तोंड कसं दिसतंय?" साडी कशी दिसते हे ती कधीच विचारत नसे. साडी चांगलीच असायची. प्रश्न तोंडाचा होता.

मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रस्त्यावरची माणसं बघायची, पोऱ्या घडी मोडली म्हणून वैतागायचा. आई मात्र ढिम्म. आतला गुलबाक्षी रंग दारात आला की कधी कधी भलताच जांभळट निघायचा, आणि मग ती साडी परत गादीवर जायची.

हे का होतं ते पुढे कळलं. दोन कापडं वेगवेगळ्या रसायनांनी रंगवलेली असली, तर एका उजेडात ती अगदी एक दिसतात आणि उजेड बदलला की फटकून वेगळी पडतात. सूर्याच्या उजेडात सगळे रंग भरपूर असतात, ट्यूबच्या उजेडात काही जास्त, काही जवळजवळ नाहीतच. दिव्यात जो रंग मुळात नाही, तो कापडावरून परत कुठून येणार? आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला साड्या ठाऊक होत्या.

या शास्त्राची खरी प्रयोगशाळा म्हणजे मॅचिंग सेंटर. छतापर्यंत रचलेले टू बाय टू रुबियाचे तागे, नुसत्या लाल रंगाचे आठ-दहा थर, आणि त्यांच्यापुढे साडी काखेत धरून उभ्या बायका. इथला मुरलेला माणूस साडीचा काठ बघतो, ब्लाउज कोणत्या रंगाचा घ्यायचा ते तुमच्याआधी ठरवतो, तागा खाली घेतो आणि स्वतःच म्हणतो, "ताई, बाहेर नेऊन बघून या." पैसे न दिलेला तागा घेऊन गिऱ्हाइकाला रस्त्यावर पाठवणारा दुकानदार! असा भेटला की मी दुकान बदलत नाही. तोच पुढे सांगतो, की ब्लाउजपीस आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात टाका आणि मगच शिवायला द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात.

शिकायला पुण्यात आल्यावर तुळशीबाग भेटली. आईच्या नियमाला इथे नवाच माल मिळाला: लिपस्टिक, काजळ, पावडर, टिकल्या. टिकलीबद्दल मी आधीपासून जरा सावध होते, कारण आत्याच्या कपाळावर टिकलीच्याच जागी, टिकलीएवढाच पांढरा डाग पडला होता. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की टिकली चिकटवायला वापरतात त्या काही गोंदांतल्या रसायनामुळे तिथला रंग जातो. आत्याने टिकली सोडली नाही, पण रात्री काढून ठेवायला लागली आणि डागावर गंध लावून वर साधं कुंकू रेखायला लागली. एखादी वस्तू शोभते की नाही हे बघायला आरसा पुरतो. सोसते की नाही हे कातडीलाच विचारावं लागतं. नवी टिकली असो, क्रीम असो की केसांचा रंग, मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावते आणि एक-दोन दिवस वाट बघते.

तुळशीबागेतली पंचाईत वेगळीच होती. मी सावळी. सावळ्या मुलीला कोणता रंग शोभतो याबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला मत असतं आणि ते मत ती उजळ कशात दिसेल एवढ्यापुरतंच असतं. "फिकट घाल, जरा गोरी दिसशील." मग फिकट गुलाबी पावडर, फिकट गुलाबी लिपस्टिक, फिकट पिवळा ड्रेस, आणि दारात येऊन पाहिलं तर चेहरा आजाऱ्यासारखा. याउलट मोरपंखी, आमसुली, गर्द जांभळा, तापलेल्या विटेसारखा लाल, हे रंग हनुवटीशी धरले की डोळे वर यायचे. 'उठून दिसतो' असं आपण म्हणतो ते रंगाबद्दल असेल तर रंग नापास. माणूस उठून दिसला पाहिजे.

बाजाराला हे कळायला फार वेळ लागला. टाटांनी लॅक्मे १९५२ साली सुरू केलं, म्हणजे देशी प्रसाधनांची परंपरा काही कालची नाही. पण माझ्या कॉलेजच्या दिवसांत काउंटरवर फाउंडेशनच्या ज्या बाटल्या असायच्या, त्या एकीपेक्षा दुसरी गोरी अशाच. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या नावातून 'फेअर' निघायला २०२० उजाडावं लागलं. नाव बदलल्याने लग्नाच्या जाहिरातीतली 'गोरी' गेली असं समजायचं कारण नाही.

माझ्या लग्नात मेकअप करणाऱ्या बाईंनी कोणाला न विचारता माझ्यापेक्षा बऱ्याच उजळ छटेचं फाउंडेशन लावलं. "नवरीला एक नंबर वरच लावायचा असतो," म्हणाल्या. कार्यालयाच्या खोलीत, पिवळ्या दिव्यात, सगळ्या बायकांनी वाहवा केली. फोटो आले तेव्हा चेहरा राखाडी आणि मान माझी स्वतःची. त्यात फ्लॅशने भर घातली होती. उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममध्ये आणि काही पावडरींमध्ये जे पांढरे खनिज कण असतात ते फ्लॅशचा उजेड परत फेकतात आणि चेहरा पिठात माखल्यासारखा येतो. अल्बममध्ये सगळ्यात बरा फोटो कुठला, तर पाठवणीआधी मांडवाच्या दारात काढलेला, घामाने निम्मा मेकअप उतरल्यावरचा.

तेव्हापासून फाउंडेशन मी मनगटावर लावून बघत नाही. मनगटाचा आणि तोंडाचा रंग क्वचितच एक असतो. जबड्याच्या कडेला, जिथे गाल संपून मान सुरू होते तिथे, दोन-तीन छटांच्या रेघा ओढायच्या आणि मॉलमधून सरळ बाहेर पडायचं. जी रेघ उन्हात दिसेनाशी होते ती आपली. घाई तेव्हाही करायची नाही, कारण हवा आणि कातडीचं तेल लागून काही फाउंडेशनं तासाभरात गडद होतात. काउंटरवरची मुलगी हसते. हसू दे. तेवढ्या वेळात एक चहा होतो. परत येऊन खोकं उलटं करून बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख बघायची. उघड्या डबीच्या चित्रात '१२ एम' असं काही छापलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. अर्ध्या किमतीचा काजळ-मस्कारा अनेकदा या हिशोबात महाग पडतो.

कपड्यांच्या ट्रायल रूमबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिथला उजेड वरून पडतो, आरसा किंचित कललेला असतो आणि जागा एवढीच, की माणसाने ताठ उभं राहण्यापलीकडे काही करू नये. मी मात्र कुर्ता घालून दोन्ही हात वर करते, कारण मला बसची दांडी धरायची असते. उकिडवी बसून बघते, कारण घरी खालचा कप्पा आवरायचा असतो. ज्या कपड्यात या दोन गोष्टी होत नाहीत तो कितीही खुलून दिसला तरी कपाटातच राहतो.

आता खरेदी फोनवर आली आणि दारच गेलं. माझी भाची रात्री साडेअकराला अंथरुणात लोळत कुर्ता मागवते. तिला मी एवढंच सांगते: मॉडेलचा फोटो बघू नकोस, खाली ज्या बायकांनी आपापल्या घरात, खिडकीशी काढलेले फोटो टाकलेत ते बघ. एस-एम-एल वाचण्यापेक्षा अंगाला नीट बसणारा तुझाच कुर्ता जमिनीवर पसरून छातीचं आणि खांद्याचं माप टेपने घे. पार्सल आलं की सकाळी गॅलरीत उघड, आणि उजेडात पाहिल्याशिवाय टॅग तोडू नकोस. ती मान डोलावते. परत पाठवलेल्या पार्सलांची संख्या कमी झाली आहे असं तिची आई म्हणते.

पैठणीच्या बाबतीत मात्र मी फोनवर विश्वास ठेवत नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला की मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुट्या धाग्यांचं जाळं लोंबतं. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये सुरू केलेलं सिल्क मार्कचं लेबल बघावं. शंका असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्यावा आणि जाळावा. केस जळल्याचा वास येऊन बोटांत चुरगळणारी राख झाली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. धागा द्यायला जो दुकानदार नाही म्हणतो त्याला आपणही नाही म्हणावं.

दिवाळीची खरेदी जवळ आली आहे. ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळच्या झगमगाटात जाऊ नका. अर्धा दिवस रजा टाका आणि सकाळी जा. गर्दी कमी असते, दुकानदाराला बोलायला वेळ असतो आणि पायरीवर ऊन असतं. पुण्यात असाल तर एकच्या आत उरका.