देवाला कादोडी कळते

धर्मशिक्षणाच्या रविवारच्या वर्गात मी सतरा वर्षं शिकवते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी मुलांना एक गोष्ट ठासून सांगितली. ती चुकीची होती, हे आज लिहून टाकते.

देवाशी नीट बोलायचं, असं मी सांगायचे. नीट म्हणजे शुद्ध मराठीत, पाठ केलेल्या शब्दांत. आम्ही वसईचे सामवेदी ख्रिस्ती. घरी, वाडीत, भांडणात, लाडात आमच्या तोंडी कादोडीच. पण चर्चची पायरी चढली की बोली बाहेर राहायची. माझे बाबा मामलेदार कचेरीत जायचे तेव्हा इस्त्रीचा सदरा घालायचे आणि बोलणंही बदलायचे. देवाचं मला तसंच वाटे. मोठा साहेब, अर्ज नीट लिहिलेला हवा.

बारा वर्षांपूर्वी वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा आजोबांच्या खोकल्यासाठी कादोडीत प्रार्थना करू लागला. मी त्याला मध्येच थांबवलं. ‘देवाशी असं बोलतात का?’ मुलं हसली. तो खाली बसला आणि पुन्हा कधी आपणहून प्रार्थनेला उभा राहिला नाही.

माझं मत बदललं ते आईच्या शेवटच्या आजारात. आई उमेदीत दादरच्या बाजारात फुलं विकायला जायची. रात्री मी तिच्या उशाशी बसायचे. हातात रोझरी. दहा मणी झाले की ती थांबायची आणि प्रभूशी कादोडीत बोलायची. गुडघे किती दुखतात, मोगऱ्याला यंदा काय भाव आला, धाकट्याचं लग्न कधी जमवतोस. एकदा तर चांगलीच रागावली त्याच्यावर. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गप्प पडून राहिली, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी. देवाच्या आज्ञा, संस्कार, व्याख्या मला सगळ्या पाठ होत्या. पण इतकी वर्षं मी त्याच्याशी एकदाही असं बोलले नव्हते.

ती गेल्यावर मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घेऊन बसले. आमच्याच वसई भागातल्या नंदाखालचा हा माणूस पुढे साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांची मराठी वाचताना आपल्याच ओटीवर बसल्यासारखं वाटतं. मार्कचं शुभवर्तमान मूळ ग्रीकमध्ये लिहिलेलं, तरी गेथसेमनीच्या बागेतल्या प्रार्थनेत ‘अब्बा’ हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे. घरात बापाला मारायची ती हाक. मरणाच्या भीतीने घेरलेल्या येशूच्या तोंडी तीच आली. आणि मत्तयमध्ये, येशूला पकडून नेल्यावर, महायाजकाच्या अंगणातले लोक त्याच्या शिष्याला, पेत्राला ओळखतात ते त्याच्या बोलण्यावरून, गालीलच्या हेलावरून. येशूही तिथेच, नाझरेथला वाढलेला. मग त्याचाही हेल गावाकडचाच असणार! देव माणूस झाला हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं होतं. माणूस झाला म्हणजे त्याला मातृभाषाही आली, हे कधी डोक्यात आलं नाही.

आणि ज्या मराठीचा मी एवढा आग्रह धरला, तीसुद्धा वेदीवर फार जुनी नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी, म्हणजे 1962 ते 65च्या आधी, मिस्सा लॅटिनमध्ये होई. माझ्या आजीने न कळणाऱ्या शब्दांपुढे गुडघे टेकले आणि घरी येऊन आपल्या बोलीत देवाशी बोलली. आई ते तिच्याकडूनच शिकली असणार. मध्ये मी आले आणि ती वाट बुजवायला निघाले.

पाठ प्रार्थना मी आजही शिकवते. चार माणसांना एका सुरात उभं राहायला त्या लागतात, आणि दुःखाने शब्द सुचत नाहीत तेव्हा त्याच आधार देतात. पण वर्गाची पहिली दहा मिनिटं आता मुलांची असतात. कादोडी, वाडवळी, विरारच्या नव्या इमारतींतल्या मुलांची कोकणी, मल्याळम. सगळं मला कळत नाही. ज्याला सांगायचं त्याला कळतं.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. गेल्या नाताळात चर्चच्या आवारात गाठून मी त्याची माफी मागितली. त्याला तो रविवार लख्ख आठवत होता.

तुमच्या घरात कुणा लेकराला असं टोकलं गेलं असेल, तर आज रात्री त्याला त्याच्या बोलीत प्रार्थना करू द्या, आणि तुम्ही शेजारी बसून ऐका.