जुन्या मोटारींच्या मागावर : घाटनांदूर ते मुंबई
(लेखांक दुसरा)

शुक्रवार, घाटनांदूर

मुंबईच्या जुन्या मोटारींच्या रॅलीला निघण्याआधी सकाळीच गावातल्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांच्या शेडमध्ये एक म्हातारी जीप उभी आहे. पेट्रोल परवडेना म्हणून कैक वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्यात मेटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेलं. अशा जिपा आपल्याकडे गावोगाव होत्या. वऱ्हाडं, बाजारकरी, ऊसतोडीचे मुकादम सगळे त्यांतूनच फिरले. मामा म्हणाले, "इंजिन कुठलंबी बसतंय भाऊ. पण बसवल्यावर गाडीचा तोल सांभाळणं, ते खरं काम."

अमेरिकेत हाच उद्योग वेगाच्या हौसेपायी झाला. फोर्डने १९३२ साली स्वस्त मोटारीत व्ही-८ इंजिन दिलं आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती घबाड लागलं. मडगार्ड काढायचे, टप कापून ठेंगणा करायचा, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात शर्यती लावायच्या. या गाड्या म्हणजे 'हॉट रॉड'. १९४८ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं. आज तिकडे त्यांचे क्लब आहेत, मेळावे भरतात, भर रस्त्यातून मिरवणुका निघतात.

दुपारी एसटीने अंबाजोगाई, तिथून लातूर आणि रात्रीची मुंबई एक्स्प्रेस.

शनिवार, मुंबई

रॅली उद्या. आजचा दिवस शिवडी आणि कुर्ल्यासाठी ठेवला होता. शिवडीत १९२८ साली जनरल मोटर्सने मोटारींची जोडणी सुरू केली. परदेशातून सुटे भाग यायचे आणि इथले कामगार त्यांची अख्खी गाडी उभी करायचे. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. ही कंपनी १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. पुढे इथूनच फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ज्या गाडीने शहराला साठेक वर्षं वाहिलं, ती आता रॅलीतच पाहायची, याची हुरहुर दिवसभर होती.

रविवार, हॉर्निमन सर्कल

उन्हं वर यायच्या आत पोहोचलो. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या गाड्या झाडांखाली ओळीने लागत होत्या. पितळी दिवे, लांब बॉनेट, पायरीसारखे फूटबोर्ड. मी मात्र रेंगाळलो ते १९२०च्या दशकातल्या एका छोट्या गाडीपाशी. तिला लाकडी आऱ्यांची चाकं होती. मालकांना विचारलं तर म्हणाले, "उन्हाळ्यात लाकूड आकसतं, आरे खुळखुळतात. चांगला सुतार मिळणं हीच मोठी अडचण." बैलगाडीचे तुंबे घडवणारे, धाव तापवून चढवणारे आमच्याकडचे हात मला त्या क्षणी आठवले.

मग त्यांनी हँडल मारून दाखवलं. आधी स्टिअरिंगवरची ठिणगीची दांडी मागे घेतली. हँडल धरताना अंगठा मुठीत न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवला, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. हँडल खालून वर, एकाच झटक्यात. दुसऱ्या खेपेला इंजिन खोकलं, धूर सोडला आणि संथ लयीत चालू लागलं. जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच वेळात अख्खी रांग टाऊन हॉलसमोरून हलली. बसमधले प्रवासी खिडक्यांतून हात हलवत होते.

सगळ्या रांगेत कापलेली, ठेंगणी केलेली एकही गाडी नव्हती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. हॉट रॉडची कारागिरी मला मनापासून आवडते. तरी आपल्याकडे मुळात जुन्या गाड्या उरल्यात किती? त्या कापण्यापेक्षा जशा होत्या तशा राखणं, हेच आपल्या हिताचं.

सोमवार, परतताना

वाचकांना एक कळकळीची विनंती. वाड्याच्या ओसरीत, शेतातल्या शेडमध्ये जुनी जीप, फियाट किंवा राजदूत धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचं आरसी बुक शोधा. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५ हजार. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, पण रॅलीला आणि प्रदर्शनाला नेता येते. कागद सांभाळा, गाडीचे मूळ भाग विकू नका, आणि गावातला जुना मिस्त्री हयात आहे तोवर एखादा पोरगा त्याच्या हाताखाली शिकायला बसवा.