पाणी अडतंय कुठं?

कपडे धुण्याचं मशीन बिघडतं ते नेहमी पोटात पाणी आणि कपडे असतानाच. रिकामं असताना बिघडलेलं मशीन मी तरी अजून पाहिलेलं नाही. फ्रिज बंद पडला तर निदान दार उघडून दूध बाहेर काढता येतं. फ्रंट लोडिंगवाल्याचं दारच उघडत नाही, आत पाणी आहे हे त्याला कळतं ना! मग मत्स्यालयात मासे बघावेत तसे काचेतून आपलेच कपडे बघत बसायचं.

तर मंडळी, गेल्या रविवारी आमच्या मशीनने हेच केलं. धुणं झालं, विसळणं झालं आणि पाणी सोडायची वेळ आली तेव्हा नुसताच गुंऽऽ असा आवाज करून ते थांबलं. वर दोन अक्षरी कोड लुकलुकायला लागला. हे कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे, पण अर्थ साधारण एकच: माझ्या पोटातलं पाणी जात नाहीये, तुम्ही बघा काय ते.

कंपनीच्या सेंटरला फोन लावला. पलीकडच्या मुलाने दोन प्रश्न विचारले आणि लगेच निकाल दिला, "मॅडम, पंप गेला असणार. मोटर बदलावी लागेल. माणूस बुधवारी येईल." आत चार चादरी, बाबांचे पायजमे, लेकीचा शाळेचा गणवेश. आणि बुधवार!

बाबा तिथेच स्टूल टाकून बसले होते. (नवीन वाचकांसाठी: आई गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षापूर्वीपासून, बाबा आमच्याकडे पुण्यात असतात. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा उजव्या कालव्यावर, फलटणकडे.) ते म्हणाले, "न बघता पंप गेला कसा म्हणतो हा? पाणी शेवटच्या शेताला पोचलं नाही म्हणून कोणी धरण बदलत नाही. आधी चारी चालत जायची. पाणी अडतंय कुठं ते बघ."

मग आम्ही चारी चालत गेलो.

आधी आवाज. पाणी सोडायच्या वेळी मशीन अगदी गप्प असेल तर पंपाची वायर किंवा मोटर गेल्याची शक्यता जास्त. गुं आवाज येतोय पण पाणी हलत नाही, म्हणजे मोटर बिचारी धडपडतेय आणि मध्ये काहीतरी अडकलंय. आमचं दुसऱ्या प्रकारातलं. बाबांनी मान डोलावली.

मग मागची नळी. नवरोबांनी मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. लादी पुसताना मशीन मागे सरकतं आणि नळी दुमडते, हे फार घरांतून होतं. आमची सरळ होती. नळीचं तोंड जमिनीपासून दोन-तीन फूट वर हवं. फार खाली सोडलं तर पाणी भरतानाच आपोआप निघून जातं, आणि फार वर नेलं तर पंपाला ते चढवता येत नाही. इथे बाबांनी वक्रनलिकेवर एक छोटं व्याख्यान दिलं. लेकीला म्हणाले, "तुमच्या पुस्तकात आहे का अजून?" तिला माहीत नव्हतं. असो.

फेस हेही एक कारण असतं. हातधुण्याची पावडर या मशीनमध्ये घातली की इतका फेस होतो की पंप पाण्याऐवजी फेसच घुसळत बसतो. पण काचेतून दिसणारं पाणी स्वच्छ होतं. मग तेही नाही.

पाणी असताना ते पिळत का नाही, असं लेकीने विचारलं तेव्हा मला तिला समजावून सांगताना मजा आली. टबाच्या तळाजवळून एक बारीक नळी वर जाते. टबात पाणी चढलं की त्या नळीतली हवा कोंडून दाबली जाते, आणि त्या दाबावरून मशीन ओळखतं की आत किती पाणी आहे. दाब उतरला नाही तर ते पिळायला घेतच नाही. मिनिटाला हजार-बाराशे फेरे आणि पोटात बादलीभर पाणी, काय होईल कल्पना करा. म्हणून "मशीन पिळत नाही" ही तक्रार पुष्कळदा खरं म्हणजे "पाणी जात नाही" हीच असते.

शेवटी फिल्टर. पुढे खाली उजव्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो उघडून साफ करते, तीनच आठवडे झाले होते, म्हणून तो शेवटी ठेवला होता. मशीनचा प्लग काढला. पाणी गरम नाही ना ते काचेला हात लावून पाहिलं (गरम धुणं असेल तर थांबा, हात भाजतो). खाली जुना पंचा, त्यावर पसरट ट्रे. शेजारच्या बारीक रबरी नळीचं बूच काढून आधी पाणी उतरवायचं. ट्रे भरला की बूच, ओतलं की परत नळी. असं अकरा वेळा. हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायकांचं मनातल्या मनात स्मरण केलं. हान्स रोसलिंग नावाच्या स्वीडिश डॉक्टरांचं २०१० सालचं एक भाषण आहे, कपडे धुण्याच्या मशीनवर. घरात पहिलं मशीन आलं तेव्हा त्यांची आजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून पूर्ण धुणं होईपर्यंत बघत बसली होती, आणि मग वाचलेल्या वेळात आई त्यांना वाचनालयात घेऊन जायला लागली, असं ते सांगतात. अकराव्या ट्रेला मला ती आजी अगदी जवळची वाटायला लागली.

मग फिल्टर डावीकडे फिरवत हळूहळू बाहेर काढला. दोऱ्यांचा गुंता, एक रुपया, लेकीची केसांची पिन. आणि चांदीच्या कागदाचे छोटे चौकोन. एक, दोन... चार. आत टॉर्च मारला तर पंपाच्या पात्यांत आणखी एक घट्ट बसलेला. चिमट्याने ओढला. त्याच्यामागे अजून दोन. बोटाने पातं फिरवून पाहिलं, अडखळत अडखळत फिरलं. ते तसंच फिरतं, आत चुंबक असतो. म्हणजे पंप धडधाकट होता.

सात चौकोन मी ट्रेमध्ये ओळीने ठेवले. तीन फुटलेले, चारांमध्ये गोळी तशीच. उरलेली अक्षरं वाचायची गरज नव्हती. दर रविवारी संध्याकाळी त्या पाकिटाचे एकेक चौकोन कात्रीने कापून मीच डबीच्या सोम-मंगळ खणांमध्ये ठेवते. पाणी काढायची गोळी. हृदयाला पाणी झेपेना म्हणून बाबांच्या पायावर सूज येते, बोटाने दाबलं की खळगा पडतो. ही गोळी ते पाणी लघवीवाटे काढते. पंधरा दिवस सूज वाढतच होती. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "गुरुवारी आणा, डोस दुप्पट करावा लागेल बहुतेक."

मी वर बघितलं. बाबा वक्रनलिकेवर बोलायचे थांबले होते.

नवरोबा लेकीला घेऊन बाहेर गेले. शहाणा माणूस आहे.

"रोज नाही हं," बाबा म्हणाले. "कट्ट्यावर जायचं असतं त्या दिवशीच."

मग हळूहळू कळलं. सकाळची गोळी घेतली की तासाभरात सुरू होतं, दर वीस मिनिटांनी. बागेत मुतारी आहे, तिला कुलूप आहे. तीन आठवड्यांपूर्वी परत येताना मेडिकलच्या दुकानापाशी त्यांना धरवलं नाही. ओला पायजमा घेऊन ते मागच्या गल्लीने घरी आले, स्वतःच धुऊन वाळत घातला. आम्हाला सांगितलं, हातावर चहा सांडला. मला तो पायजमा आठवला. मी म्हटलंही होतं, "बाबा, मशीनला टाकायचा ना!"

त्या दिवसापासून गोळी खिशात. वाटेत टाकून देऊ म्हणायचे, आणि विसरायचे.

काय बोलणार? रागावायला आले होते, पण ज्या माणसाने पन्नास गावांच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या त्याला मी काय गोळ्यांची वेळ शिकवणार. मी एवढंच म्हटलं, "गुरुवारी डोस दुप्पट झाला असता, बाबा." ते म्हणाले, "तेच डोक्यात होतं. बुधवारी सांगणार होतो." खरं होतं का नव्हतं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. म्हणाले, असं करणारे पुष्कळ असतात, फक्त सांगत नाहीत. मनाने बंद करायची नाही, पण वेळ बदलता येते. कट्टा सकाळी असेल तर यांनी दुपारी घ्यावी, रात्री उशिरा मात्र नको, नाहीतर झोपेचं खोबरं. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायचं. डोस आहे तेवढाच.

हे सगळं बाबांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही, पण बागेचं नाव नको. आणि कुलपाचं नक्की लिही."

मशीनचं म्हणाल तर फिल्टर घट्ट बसवला, पाणी सोडायला लावलं आणि दोन मिनिटांत टब रिकामा. बुधवारच्या माणसाला नको म्हणून कळवलं. गणवेश सोमवारी थोडा दमटच गेला.

काकू, तुम्ही फोनवर विचारलंत म्हणून सांगते, सूज उतरतेय, सहा दिवसांत वजन दीड किलोने कमी आहे. आणि दुपारी दोन ते पाच आमची बाथरूम बाबांच्या पाळीला लागलेली असते. त्या वेळात कोणी येणार असाल तर फोन करून या.