कुंभार्लीचा उतार आणि दुसरा गिअर

मराठीच्या प्राध्यापकाने मोटार बाळगू नये, असे माझे मत पूर्वीपासून होते. पण मोटार वडिलांनी बाळगली आणि ती वारसाहक्काने माझ्याकडे आली, तेव्हा मत बाजूला ठेवावे लागले. 1987 साली घेतलेली फियाट. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला गिअरचा दांडा आणि पुढे सोफ्यासारखी सलग बैठक. वडील 2014 साली गेले. त्यांच्यामागे गाडी राहिली आणि गाडीची एक वही. वहीत तारीख, किलोमीटर, काय घातले, किती पैसे, असे चार रकाने होते. शेवटची नोंद 2013 सालच्या मार्चमधली. त्यापुढची पाने कोरी आहेत. ती माझी कारकीर्द.

2018 च्या दिवाळीत आईला भाऊबीजेसाठी चिपळूणला मामांकडे न्यायचे ठरले. पाडव्याच्या पहाटे आई, सौभाग्यवती, सहा वर्षांची कन्या आणि चकल्यांचा डबा घेऊन आम्ही पुण्याहून निघालो. कऱ्हाडला डावी-उजवी विचारून पाटणच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता मोठा लोभस आहे. कोयना नदी सोबत करते आणि चढ असा काही जाणवत नाही. कोयनानगरला थांबलो, तेव्हा आईने 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण काढली. त्या पहाटे हे गाव ढासळले होते. इथे नदीचेही एक नवल आहे. कोयना मुळात कऱ्हाडला कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाणारी. पण धरणातले पुष्कळसे पाणी माणसाने डोंगराच्या पोटातून खाली पोफळीला नेले. तिथे ते वीज देते आणि वाशिष्ठीतून पश्चिम समुद्राला मिळते.

आम्हांलाही त्याच दिशेने उतरायचे होते, फक्त डोंगराच्या बाहेरून.

हेळवाकचा चहा घेतला आणि घाटाच्या तोंडाशी आलो. खाली कोकण धुक्यात पसरले होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा वडिलांचा नियम मला ठाऊक होता, म्हणून दुसरा गिअर टाकला. दोन वळणे ठीक गेली. तिसऱ्या वळणावर खट्ट आवाज झाला, दांडा आपला आपण मध्यावर आला, इंजिनाचा घुमारा एकदम बसला आणि गाडी मोकळी धावू लागली.

मी ब्रेक दाबला, पुन्हा गिअर टाकला. तो पुन्हा उडाला. असे चारदा झाले. ब्रेकचा पाय दर वेळी जरा जास्त खोल जाऊ लागला आणि गाडीत जळका वास भरला. कन्या गाणे म्हणत होती, ते तिने थांबवले. आई काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा ती घाबरलेली असते. अखेर गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, गटाराच्या काठाला घासली आणि हँडब्रेकवर कशीबशी थांबवली.

मागून येणाऱ्या ट्रकचा क्लीनर उडी टाकून उतरला आणि त्याने न विचारता चाकाखाली दगड लावला. मी बाटलीतले पाणी तापलेल्या चाकावर ओतणार, तोच ड्रायव्हर ओरडला, "पाणी नको हो! ड्रम तडकंल. आपोआप निवू द्या."

अर्धा तास आम्ही निवत बसलो. मग ड्रायव्हरने युक्ती सांगितली : गिअर टाकायचा आणि दांडा हाताने धरूनच ठेवायचा. पण वळणावर स्टिअरिंगला माझे दोन्ही हात लागणार! सलग बैठकीचा उपयोग तेव्हा कळला. सौभाग्यवती सरकून जवळ आली आणि तिने दोन्ही हातांनी दांडा धरला. ट्रक पुढे, आम्ही मागे, असे पोफळीपर्यंत उतरलो. इतकी एकाग्रता तिने आमच्या लग्नातसुद्धा दाखवली नव्हती.

दिवाळीमुळे चिपळूणचे मिस्त्री भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भेटले. त्यांनी गिअरबॉक्स उतरवून खालचा बोल्ट काढला. पडले ते वाटीभर काळे ऑईल, आणि त्यात पितळेचा चुरा सोन्यासारखा चमकत होता.

"सर, ऑईल कधी घातलंत?"

मी वहीतली तारीख सांगितली. ते माझ्याकडे बघतच राहिले. मागचे सील गळत होते. सोसायटीत गाडीखाली डाग पडतो, हे रखवालदार वर्षभर सांगत होता. त्यावर मी उपाय म्हणून खाली वर्तमानपत्राची रविवार पुरवणी अंथरीत असे.

मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवून धडा दिला. गिअर बदलताना पेटीतला एक लोखंडी दांडा सरकतो. त्याला खाच असते आणि स्प्रिंगने दाबलेला छर्रा त्या खाचेत बसतो. गिअर जागेवर राहायला त्याचा आधार असतो. माझी स्प्रिंग मेली होती, खाच झिजली होती आणि तेलाविना पितळी रिंगांचे दात गेले होते. मग चढताना कसा गिअर टिकला? "चढावर इंजिन चाकाला ढकलतं, उतारावर चाक इंजिनाला," ते म्हणाले. "जोर उलटा फिरला की ढिला गिअर सुटतो." इतके नेमके वाक्य माझ्या वर्गात मला क्वचितच साधले असेल.

मुंबईत तेव्हा फियाटच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी थोड्या उरल्या होत्या, म्हणून सामान मिळाले. ते रात्रीच्या बसने आले. तीन दिवस मामांचा पाहुणचार झाला. जुनी रिंग कन्येने बांगडी म्हणून घातली; आईने ती काढायला लावून तिचे हात राखेने धुतले. नवे सील बसले, नव्वद नंबरचे ऑईल भरले. वडिलांच्या नोंदीखाली मी तारीख, किलोमीटर आणि सामान लिहिले. पैशांचा रकाना मात्र सौभाग्यवती शेजारी असल्यामुळे तूर्त मोकळा ठेवला.

परतीला पोफळी मागे पडली, चढ लागला आणि मी दुसरा गिअर टाकला. तिचा हात आपोआप दांड्याकडे गेला.

"आता राहू दे," मी म्हटले.

तिने हात काढला नाही.