काळी माती आणि घराचा पाया

माळव्याच्या काळ्या मातीचे कौतुक आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गहू, हरभरा, सोयाबीन, जे पेराल ते येते. पण त्याच मातीवर घर उभे करायचे म्हटले की ती वेगळाच रंग दाखवते. इंदूरच्या चहूबाजूंना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या कॉलन्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी शेतांवर झाल्या. रामबाग, नारायण बाग, जुनी इंदूर सोडून आपल्या शाळेचे अनेक पालक तिकडे राहायला गेले. आम्हीही 2022 मध्ये तिकडेच घर बांधायला काढले. तेव्हा जे पाहिले, विचारले आणि भांडले, ते संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहीत आहे.

आधीच सांगते, माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. बी.एस्‌सी.पर्यंत 'मृदा', 'आयतन', 'द्रव्यमान' असेच घोकले. मराठी ती घरची. आणि बांधकामावरची भाषा तिसरीच! तिथे खडीला गिट्टी, सळईला सरिया आणि पाणी मारण्याला तराई म्हणतात. लेखात तिन्ही भाषा डोकावल्या तर आमच्या मराठीच्या बाईंनी कृपया लाल पेन काढू नये.

आमचे जुने घर सासऱ्यांनी बांधलेले. त्यात आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या खोलीचे दार पावसाळ्यात लागत नसे आणि उन्हाळ्यात त्याची कडी कोंड्यापर्यंत पोहोचत नसे. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग होती. दर दिवाळीला ती बुजवायची, दर वैशाखात ती पुन्हा हजर. सगळे म्हणत लाकूड फुगते. लाकूड फुगतही असेल, पण भिंतीतली भेग काही लाकडाने पडत नाही. फुगत होती ती खालची माती.

दख्खनच्या काळ्या खडकाची, बेसाल्टची, झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखे, एकावर एक पातळ थर. पाणी या थरांच्या मध्ये शिरते आणि गठ्ठा फुगतो. उन्हाने पाणी निघून गेले की गठ्ठा बसतो. म्हणूनच मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. घराखालची माती मात्र सावलीत असते, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. बाहेरच्या भिंतींखालची माती पावसात वर उचलली जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. घराचा मधला भाग स्थिर आणि कडा खालीवर, मग भिंत तडकणारच.

आमचा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याने प्लॉटवर खड्डा खणवला. दहा फूट गेले तरी काळीच माती. पाच-सहा फुटांवर मुरूम लागला असता तर पाया त्यावर टेकवून मोकळे झालो असतो. तो म्हणाला, "मामी, इथे साधा पाया नको. अंडर-रीम्ड पाइल करा." ठेकेदाराने हे ऐकून हात झटकले. "मैडम, पूरी कॉलोनी ऐसे ही बनी है," म्हणाला. यजमानही त्याच्याच बाजूचे.

खरी अडचण पैशाची होती. जुन्या घराचा आपला हिस्सा भाऊजींनी नव्या घरात घातला होता. खाली आम्ही आणि आई, वरचा मजला भाऊजींचा, असे ठरलेले. पायात जास्तीचे सव्वादोन लाख गेले की वरचा मजला लांबणार, आणि तो लांबला म्हणजे भाऊजींना भाड्याच्या घरात राहणे आले. जमिनीत पुरलेला पैसा कोणाला दिसत नाही, भाडे मात्र दर महिन्याला दिसते. त्यांचा राग मला समजत होता, पण ते घर तडकले असते तर वरचा मजला कशावर बांधणार होतो?

मी शिक्षिका, तेव्हा पुरावा प्रयोगशाळेतच शोधला. प्रयोग इतका सोपा आहे की नववीच्या मुलांनीच केला. प्लॉटची माती वाळवून बारीक चाळायची. दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात 100 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी, दुसऱ्यात तेवढेच रॉकेल. नीट ढवळून हवा काढायची आणि एक दिवस हलवायचे नाही. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती 10 मिलिलिटरवर होती आणि पाण्यातली 17 वर. म्हणजे फुगवटा 70 टक्के. 50 टक्क्यांच्या वर गेली की पायाच्या दृष्टीने माती फारच फुगणारी धरतात. (आजकाल रॉकेल मिळवणे हाच या प्रयोगातला सगळ्यात कठीण भाग आहे!)

ती दोन्ही मोजपात्रे मी घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली. यजमान बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "करा पाइल." भाऊजी काही बोलले नाहीत. पुढे चार महिने बोलले नाहीत.

पाइलची ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली. जमिनीत साधारण साडेतीन मीटरच्या खाली ऋतूंचा परिणाम जवळजवळ पोहोचत नाही. तिथपर्यंत गोल भोक पाडायचे आणि तळाशी ते आतल्या आत रुंद करायचे. आमची भोके 30 सेंटिमीटर व्यासाची, तळचा फुगा 75 सेंटिमीटरचा, म्हणजे अडीचपट. त्यात सरियाचा पिंजरा उतरवून काँक्रीट भरले की खाली कांद्यासारखा गड्डा तयार होतो. वरची माती कितीही ओढो, तो सुटून वर येत नाही. आमच्याकडे मशीन आले नाही. तिकाटणे उभे करून चार माणसे हाताने दांडा फिरवत होती आणि मातीची बादली वर येत होती. असे बावीस पाइल. त्यांच्या डोक्यावर बीम, आणि बीमच्या खाली तीन इंचांची मोकळी जागा. ही जागा बघून मिस्त्री हसला. घर हवेत ठेवायचे आहे का, म्हणाला. हो, तेच करायचे होते. खालची माती फुगली तर तिला वर यायला जागा हवी, नाही तर ती बीमच उचलेल.

पाइल आणि बीम जानेवारीत झाले. मग भगोरिया आला. आमचे मजूर झाबुआ-अलीराजपूरकडचे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात तेव्हा ही मंडळी गावी जातात, आणि जायलाच हवे. आपण दिवाळीला थांबतो का? पण भगोरियानंतर लग्ने निघाली आणि स्लॅबची तारीख गेली मे महिन्यात.

उन्हात काँक्रीट टाकायचे म्हणजे घड्याळाशी शर्यत असते. माल गरम असला की लवकर आवळतो, आणि ठेकेदार त्यावर एकच औषध जाणतो, ते म्हणजे पाणी. पाणी वाढवले की माल सहज पसरतो, पण जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या सोडते. ताकद तिथेच जाते. 50 किलोच्या एका पोत्याला आम्ही 27 लिटर ठरवले होते. भाच्याने बादलीवर साडेतेरा लिटरची लाल खूण केली. पोत्याला दोन बादल्या, बस्स. पहाटेपर्यंत त्या खुणेवरून माझे आणि ठेकेदाराचे तीन वेळा वाजले.

पहाटेपर्यंत म्हणते, कारण स्लॅब आम्ही रात्री दोनला सुरू केला. शब-ए-मालवाची ख्याती गारव्यासाठी आहे, तिचा असाही उपयोग! गिट्टीवर संध्याकाळीच पाणी शिंपडून ठेवले. दिवसभर तापलेल्या लोखंडी प्लेटा आणि सरियाही ओले करून थंड केले. दोन मिक्सर, सव्वाशे पोती, अकराशे चौरस फूट. साडेआठला काम संपले आणि सगळ्यांनी पोहे-जिलबी खाल्ली. शेजाऱ्यांची झोप मोडली होती, जिलबी त्यांच्याकडेही पाठवली.

पहिले काही तास फार महत्त्वाचे. ताज्या काँक्रीटमधले पाणी हळूहळू वर येत असते. गरम वारा ते त्याहून वेगाने उडवू लागला की पृष्ठभागावर भेगा पडतात, आणि त्या त्याच दिवशी पडतात. म्हणून लगेच ओली पोती पसरली. नंतर मसाल्याचे छोटे बांध घालून क्यारी केल्या आणि पाणी भरून ठेवले. मुलांना मी नेहमी सांगते की सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. भारतीय मानक 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत कोरड्या, गरम हवेत किमान दहा दिवस तराई सांगितली आहे, आणि राखमिश्रित सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस आहे. ठेकेदाराच्या हिशेबात मात्र तराई पाच दिवसांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गच्चीवर गेले तर भाऊजी पाइप धरून उभे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना पहाटे फिरायची सवय. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, त्या कोपऱ्यातली क्यारी फुटली आहे." आमची गच्ची म्हणजे त्यांच्या घराची जमीन. चौदाही दिवस ते आले, सकाळ-संध्याकाळ.

आता त्या घरात दोन पावसाळे निघाले. आईंच्या खोलीचे दार लागते. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि दिवसातून एकदा तरी कडी लावून बघतात. पोर्चच्या फरशीत एक केसासारखी रेघ आली आहे, कारण पोर्च पाइलवर नाही, भरावावर आहे. घराभोवती पाच फुटांचा पक्का पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन केला, म्हणजे पावळीचे पाणी भिंतीपाशी मुरत नाही. जुन्या अंगणातल्या आंब्याची कोय आईंना खिडकीखाली लावायची होती. झाडाची मुळे मातीतला ओलावा ओढतात, म्हणून आंबा कुंपणापाशी गेला. यावरून त्या अजून रुसलेल्या आहेत. वरचा मजला व्हायचा आहे. स्तंभांचे सरिये गच्चीवर तसेच उभे आहेत, गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचे पाणी फासले आहे. भाऊजी अजून भाड्याच्या घरात आहेत.

ज्या पालकांचे घर बांधायचे आहे त्यांनी प्लॉटची किलोभर माती, वरची नव्हे तर तीन-चार फुटांखालची, वाळवून मुलांबरोबर शनिवारी तिसऱ्या तासिकेपर्यंत प्रयोगशाळेत पाठवावी. निकाल सोमवारी मिळेल. पिशवीवर मुलाचे नाव व वर्ग लिहावा, आणि शक्य असेल तर अर्धी बाटली रॉकेलही द्यावे. निकाल हाती आला की तो इंजिनिअरला दाखवावा, ठेकेदाराला नव्हे.