नवलाईची जाहिरात आणि गुळाचा हिशोब

यंदा गुऱ्हाळ पेटायच्या आधीच गटात एक विषय पेटलाय. शहरातला एक मुलगा योजना घेऊन आला होता. महाराष्ट्राचा मोठा नकाशा ऑनलाइन टाकायचा, त्याचे बारीक चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन शेतकऱ्यांना विकायचा. चौकोनावर बोट ठेवलं की आपल्या मालाचं पान उघडणार. आमच्या बारा जणांच्या गटाला मिळून चोवीस हजार. पोरं म्हणतात, "काका, असलं कुणी केलंच नाही, नवीन आहे, हाणू या!" रविवारी ठरवायचंय. माझं मत इथं लिहून ठेवतो, म्हणजे बैठकीत आवाज चढायला नको.

पहिली गोष्ट, हे नवीन नाही. इंग्लंडमधल्या अ‍ॅलेक्स ट्यू नावाच्या २१ वर्षांच्या पोरानं २००५ च्या ऑगस्टमध्ये हेच केलं. कॉलेजच्या खर्चाला पैसे हवे होते. त्यानं एक पान काढलं, त्यावर दहा लाख ठिपके, ठिपक्याला एक डॉलर. कमीत कमी शंभर ठिपके घ्यायचे, म्हणजे दहा बाय दहाचा चौकोन. पडद्यावर तो दिसतो ज्वारीच्या दाण्याएवढा. 'मिलियन डॉलर होमपेज' त्याचं नाव. आधी घरच्यांनी, मित्रांनी चौकोन घेतले, मग बातम्या आल्या आणि गर्दी झाली. शेवटचे हजार ठिपके जानेवारी २००६ मध्ये लिलावात ३८,१०० डॉलरला गेले. एकूण जमा १०,३७,१०० डॉलर. पाच महिन्यांत!

पोरं एवढंच ऐकतात आणि उड्या मारतात. पण हे पैसे मिळाले कुणाला? पान काढणाऱ्याला. जत्रेत नवीन पाळणा आला की माणसं लोटतात, पण मान वर करून पाळणा बघतात, शेजारच्या बत्ताशाच्या दुकानाकडं कोण बघतंय? सुरुवातीला चौकोन घेतलेल्या काहींकडं लोक आलेही, कारण तेव्हा बातमी ताजी होती. बातमी शिळी झाली तसं येणंही आटलं. आज ते पान उघडतं, पण कितीतरी चौकोनांच्या मागं आता काहीच नाही. बंद दुकानाची पाटी तेवढी राहिलीय.

आणि खरी मेख पुढं आहे. ते पान गाजल्यावर तसलीच ढीगभर पानं निघाली, कुणाला आठवतही नाहीत. खुद्द ट्यूनं डिसेंबर २००६ मध्ये 'पिक्सेलॉटो' म्हणून तसंच दुसरं काढलं, वर बक्षिसाचं आमिषही ठेवलं. ते पहिल्याच्या जवळपासही गेलं नाही. माणूस तोच, डोकं तेच, फक्त नवलाई संपली होती. मग आपण वीस वर्षांनी त्या वाटेनं कशाला जायचं? योजना घेऊन आलेला मुलगा लबाड आहे असं मी म्हणत नाही. तो त्याचा माल विकतोय, आपण आपला हिशोब बघायचा.

हिशोब सरळ आहे. किलोच्या भेलीमागं पॅकिंग, कुरिअर, मजुरी जाऊन आपल्या हातात तीस रुपये उरतात. चोवीस हजार वसूल व्हायला आठशे किलो जादा गूळ खपला पाहिजे. आमच्या काहिलीचं एक आधण दोनशे किलोचं, म्हणजे चार आधणं निव्वळ जाहिरातीसाठी कढवायची. चुलवाणापुढं उभं राहून बघा एकदा, चार आधणं म्हणजे काय ते.

ऑनलाइन जाहिरात वाईटच असंही नाही. आपल्याला हवं ते शहर निवडता येतं, रोजची रक्कम ठरवता येते, उपयोग दिसला नाही तर मधेच बंद करता येते. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस, पुण्यापुरती, दोन हजारांची करून बघायला माझी ना नाही. फक्त प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "आमचा पत्ता कुठनं लागला?" आणि वहीत लिहायचं. मी पार्सलाच्या वहीत हा रकाना ठेवलाय. त्यात सगळ्यात जास्त वेळा एकच उत्तर आहे: "पाहुण्यांकडं खाल्ला होता."

म्हणून माझा प्रस्ताव असा. चोवीसातले बारा हजार शिल्लक ठेवू. उरलेल्या बारा हजारांत पाव किलोच्या पुड्या करू. गूळ आणि पिशवी धरून पुडी चोवीस रुपयांना पडते, म्हणजे पाचशे पुड्या. जुन्या गिऱ्हाइकाच्या प्रत्येक पार्सलात एक टाकायची, वर चिठ्ठी: "ही शेजाऱ्यांना द्या." पाचशे नव्या घरांत आपला गूळ चहात पडेल. चौकोन बघून जिभेला चव कळत नाही, बाबांनो.

कुणाचा हिशोब याहून वेगळा येत असेल तर रविवारच्या आत आकडे लिहून पाठवा. नुसतं "नवीन आहे" एवढं पुरणार नाही.