‘ळ’ कुठं गेला?

बालमित्रांनो, मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालात की महामार्गावर वडनेर भोलजी लागतं. इथं उतरा आणि कान उघडे ठेवा. डोळ्याला ‘डोया’, केळ्याला ‘केयं’! ही आपली वऱ्हाडी. पुस्तकातला ‘ळ’ बोलताना ‘य’ होतो. उत्तरेला बुऱ्हाणपुरात हिंदीत त्याच केळ्याचा ‘केला’ होतो. गुजराती, कोकणीत मात्र ‘ळ’ आहेच. पंजाबीत ‘ल’च्या पायाशी टिंब देऊन तो लिहिता येतो. तिकडे कझाक भाषेत घशातल्या ‘क’साठी रशियन ‘क’ला शेपटी जोडली! म्हणजे आवाज आधी, अक्षर मागून. तेव्हा वहीत ‘डोळा’ लिहा. पण वर्गात कुणी ‘डोया’ म्हटलं, तर हसू नका हं! ती त्याच्या आजीची भाषा आहे.